खरं की खारं

११ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज न वाचताच पुसतोस, हे भिंगरीनंच मला सांगितलं. म्हणून पत्र. दुकानात आलेलं पाकीट फाडल्याशिवाय तुला राहवत नाही, मग आत पंपाच्या सुट्या भागांची जाहिरात का असेना. तेव्हा इथवर वाचलंच आहेस तर पुढचंही वाच.

तुझ्या लेकीचा गुडघा गेलाय. तुझ्या बायकोला मी फोन केला होता, पण तिनं अर्धं ऐकलं आणि उरलेला वेळ ती रडली, म्हणून नीट लिहिते. काल संध्याकाळी सामन्यात भिंगरीनं उडी मारून चेंडू फेकला, उतरताना पाऊल जमिनीला चिकटलं आणि गुडघा आत वळला. आतला एक मोठा बंध तुटलाय. सूज उतरली की शस्त्रक्रिया होईल. त्याची मला काळजी नाही, ते काम आम्ही डोळे मिटून करतो. काळजी आहे ती कूर्चेची. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत पांढरा थर असतो, तो. उतरतानाच्या त्या दणक्यात वरच्या आणि खालच्या हाडानं त्याला मधे धरून चेपलंय.

तू म्हणशील, बेअरिंगला ठोका बसला, आता ते झिजणार. सगळे तेच म्हणतात. माझ्यासमोर खुर्चीत बसणारा प्रत्येक जण गुडघ्यावर हात ठेवून विचारतो, "झीज झालीय का हो?" पण बेअरिंग मेलेलं असतं आणि कूर्चा जिवंत असते. ठोक्यानं थेट मरतात त्या पेशी थोड्या. बाकीच्या बिथरतात आणि आपल्याच आत एक जहाल रसायन सोडत बसतात. लोखंडाला गंज चढतो त्यातलाच हा प्रकार समज. ठोका एका क्षणाचा, पण हे जळणं पुढे दिवसेंदिवस चालतं. त्यात गेलेल्या पेशी भरून येत नाहीत, कारण तिथे रक्त पोचतच नाही. मग हीच पोरगी चाळिशीत कठडा धरून जिना उतरते आणि लोक म्हणतात, झीज.

हे जळणं रोखणारं एक औषध आम्ही गेली काही वर्षं तपासतोय. प्राण्यांच्या सांध्यात त्यानं काम केलंय, माणसांत करतं का ते बघायचंय. ते मार लागल्यावर पहिल्या दोन दिवसांतच थेट गुडघ्यात टोचावं लागतं. नंतर घागरभर ओतलं तरी उपयोग नाही. भिंगरीनं सगळी माहिती वाचली, चार प्रश्न विचारले आणि सही केली. ती सज्ञान आहे. मी एक शब्द बोलले नाही. नात्यातली म्हणून मी तिच्या केसमधून बाजूलाही झाले, माझा सहकारी सगळं बघतोय. आज सकाळी इंजेक्शन झालं.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. तिनं क्लास सोडून खेळाच्या वसतिगृहात जायचं ठरवलं आणि मी तिला बूट आणून दिले, तेव्हा तू माझ्या दारात उभा राहून म्हणाला होतास, "तुला स्वतःचं पोर नाही, म्हणून माझ्या पोरीवर प्रयोग करतेस. आमच्या घरात नाक खुपसू नकोस." मग पायरीवरूनच परत गेलास, चहाही घेतला नाहीस. आता ती खरोखरच माझ्या प्रयोगात आहे. तुला हसायचं असेल तर हस. माझ्यात तेवढं त्राण नाही.

तिला भेटायला ये. मी वॉर्डात कधी नसते ते सिस्टरला विचारलंस तर ती सांगेल.

तुझी
ताई


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

तू येऊन गेलास. मी नसताना आलास तेही बरोबरच. सिस्टर म्हणाली, "एक गृहस्थ आले होते, मुलीशी फारसं बोलले नाहीत, पण पलंगाची चाकं घट्ट करून गेले." वॉर्डातला तो एकच पलंग आता करकरत नाही. शेजारची आजी विचारत होती, ते गृहस्थ पुन्हा कधी येणार.

तुझ्या बायकोचा मेसेज आला. तिनं लिहिलंय, "ताई, हे म्हणतात की तिला खारं औषध मिळालं पाहिजे. एवढं तरी कराच." तिच्या बोटानं एक काना जास्त मारला, आणि मी दिवसभर त्या कान्यावर हसत होते. कारण आमच्याकडे दोन प्रकारची इंजेक्शनं असतात. एकात औषध, दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी. आम्ही आपसात त्यांना खरं आणि खारं म्हणतो. तेव्हा तुझ्या बायकोनं नेमकं उलटंच मागितलं.

कुणाला कुठलं द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. फार्मासिस्ट एकटा बंद खोलीत भरतो, वर कागद गुंडाळतो आणि आकडा लिहितो. टोचणाऱ्याला कळत नाही, टोचून घेणाऱ्यालाही नाही. एवढं लपवाछपवीचं कारण साधं आहे. आपल्याला औषध मिळालं असं समजलं की माणसाचा गुडघा अर्धा तिथेच बरा होतो, आणि मग खरं काय ते कुणालाच कळत नाही.

एकच भानगड आहे. या औषधाला नासक्या अंड्याचा वास येतो. म्हणून खोलीत आम्ही पुदिन्याच्या अर्काचे बोळे ठेवतो आणि मास्कलाही तोच अर्क लावतो. पेशंट म्हणतात, दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं.

यावर तू म्हणणार, नाकाडीला पुदिना काय फसवणार. हे नाव तूच ठेवलंस मला. तू दुकानाच्या माळ्यावर झोपला होतास आणि मी बाहेरच्या रस्त्यावरून ओरडत आले की वायर जळतेय. धूर दिसायच्याही आधी. तुला खाली ओढलं तेव्हा तू मलाच शिव्या देत होतास. मग पुढे आठवडाभर येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत सुटलास, "आमच्या ताईचं नाक म्हणजे यंत्र आहे यंत्र." तू लपून ओढलेल्या सिगारेटी, आईनं विसरलेलं दूध, पाहुणे येऊन गेले की नाही, सगळं मी दारातूनच सांगायचे.

पण ते सगळं जुनं झालं. भिंगरीला काय मिळालं ते मला माहीत नाही. तू एवढंच धरून चाल.

मला आता तीन मजले चढायचेत. लिफ्ट नाही म्हणून भिंगरीला माझ्याकडे आणता येत नाही, ती वसतिगृहाच्या तळमजल्यावर राहील. एका अर्थी बरंच आहे. दर रविवारी येऊन माझ्या घरात उच्छाद मांडायची. आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडायची, फ्रिजमधलं दूध न विचारता ओतून टाकायची, टॉवेल भिजत घालायची. आईच्या वरताण आहे कार्टी.

तुझी
ताई


६ एप्रिल

धाकट्या,

तुझं लोखंडी स्टँड पोचलं. सोबत चिठ्ठी नाही, नाव नाही. पण कडांना पंपाचं रबर लावलेलं आणि वेल्डिंग कानशीनं घासून बोटाला लागणार नाही असं केलेलं, असं काम दुसरं कोण करणार? भिंगरी त्यावर टाच ठेवून रोज गुडघा ताणते आणि ओरडते. तिची मैत्रीण म्हणते, "तुझे बाबा न बोलता छळतात." शस्त्रक्रिया नीट झाली. कुबड्या सुटल्यात.

मी मात्र थकलेय. पाय दुखतात ते वेगळं, मी आतून थकलेय. मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले आणि ते खोटं घेऊन रोज कामाला जाणं मला जमत नाहीये. तेव्हा लिहून मोकळी होते. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक, कारण असं लिहिणंही नियमात बसत नाही.

तिला काय मिळालं ते मला माहीत आहे.

एरवी मी स्वतः इंजेक्शन देते तेव्हा मास्क घट्ट बांधते आणि नाकाकडे लक्षच देत नाही. कळूनच घ्यायचं नाही, असं ठरवलेलंच आहे. त्या दिवशी मी डॉक्टर नव्हते, आत्या होते. दारात उभी होते आणि मास्क काढला. सहकाऱ्यानं सुईचं टोपण काढलं, हवा घालवायला दट्ट्या दाबला, दोन थेंब उडाले. मी श्वास ओढला. नुसता पुदिना. नाकात गार गार लागला, आणि त्याच्यामागे काहीच नाही. अंड्याचा मागमूसही नाही.

म्हणजे खारं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. तिथे हेच औषध असतं, किल्ली माझ्याकडेच असते. सीलबंद बाटली आणि सुई कोटाच्या खिशात टाकली. अजून वेळ गेलेली नव्हती. एक टोचणी, की तुझ्या पोरीचा गुडघा वाचण्याची शक्यता. कुणाला कळलंही नसतं. सगळी वर्षं पाण्यात गेली असती, पण मी ते एवढ्या थंडपणे ठरवलं होतं की आता आठवलं तर भीती वाटते.

भिंगरी जागी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, तुझे डोळे बघ कसे झालेत. बस ना जरा." मी बसले. मग म्हणाली, "मला खरं मिळालं की खारं, हे तुला कळलं असेल ना? बाबा म्हणतात, आत्याच्या नाकातून काही सुटत नाही." (हो, तू अजून असं म्हणतोस, हे मला तिथे कळलं.) मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नकोस हं. टॉस म्हणजे टॉस. एकदा उडवलं की परत उडवत नाहीत. नाहीतर मग खेळायचंच कशाला?"

मी बाटली परत कपाटात ठेवली.

तिच्या बोलण्यामुळे थांबले की नियमामुळे की नुसती दमले होते म्हणून, ते आता सांगता येत नाही. थांबले एवढं खरं. नंतर तू "एवढं तरी कर" म्हणालास, आणि नेमकं तेच मी आधीच करायचं सोडलं होतं.

तुझी
ताई


३० ऑगस्ट

धाकट्या,

इतक्या महिन्यांनी तुझं उत्तर आलं, तेही दुकानाच्या पावतीच्या पाठीवर. "म्हणजे पोरीला पाणी टोचलं आणि तू बघत उभी राहिलीस." एवढंच. खाली सही नाही. ओळीचा शेवट इतका जोरात दाबलाय की पेन कागदातून पलीकडे गेलंय.

मी उलट काही लिहिणार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं, फक्त दोन ओळी जास्त. भिंगरीला तू काही सांगितलं नाहीस, त्याबद्दल मनापासून आभार. ती खूश आहे. मैदानाला फेऱ्या मारते, अजून उडी मारू देत नाहीत म्हणून सगळ्यांवर चिडते. स्कॅनमध्ये कूर्चा आज तरी ठीक दिसते. पण आजच्या दिसण्याला अर्थ नाही, हे मलाच जास्त माहीत आहे. जे व्हायचं ते अजून पंधरा-वीस वर्षांनी दिसेल. तेव्हा तिचा गुडघा बघायला मी असेन की नाही कुणास ठाऊक. दर स्कॅनला मात्र मी त्या पांढऱ्या रेषेकडे बघते आणि खिशातली ती बाटली आठवते.

आमच्याकडे नवीन काही नाही. परवा शेजारची बाई दार बडवत आली. म्हणाली, "गॅस चालूय तुमचा, जिनाभर वास पसरलाय, आणि तुम्ही आत पेपर वाचताय!" मी खरंच पेपर वाचत होते. इतकी दमलेली असते हल्ली की कशातच लक्ष नसतं. तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मला म्हातारचळ लागलाय.

निवृत्तीला आता थोडेच महिने राहिलेत. या प्रयोगानं नाकी नऊ आणलेत. संपला की मी एक दिवस नुसती झोपणार आहे.

ताई


२ मार्च

धाकट्या,

हे पत्र बसून वाच. वाईट बातमी नाही. बातमी चांगली आहे, म्हणूनच बस.

काल प्रयोगाची पाकिटं फोडली. कुठल्या आकड्याला काय मिळालं, ते सगळं समोर आलं. निकाल काय लागला ते आधी सांगते, कारण तो फार मोठा नाही. औषधवाल्यांचे गुडघे थोडे बरे दिसतात. ढोल बडवावा इतके नाहीत, सोडून द्यावं इतके वाईटही नाहीत. अजून मोठा प्रयोग लागेल आणि तो दुसरं कुणीतरी करील.

मी यादीवर भिंगरीचा आकडा शोधला. त्याच्यापुढे औषध लिहिलं होतं.

खरं. तिला खरं मिळालं होतं, धाकट्या. पहिल्याच दिवशी, वेळेत.

माझा विश्वास बसेना. मी तडक फार्मासिस्टकडे गेले आणि त्याच्यावर आवाज चढवला की तुमची अदलाबदल झालीय. तो बिचारा गरीब माणूस. त्यानं सगळे शिक्के दाखवले, मला पटेना. शेवटी म्हणाला, "मॅडम, वासावरूनच म्हणताय ना? मग हा घ्या, ताजा." आणि माझ्यासमोर औषधाची नवी बाटली फोडली. खोलीतले दोघं नाक दाबून मागे सरकले. एक जण तर दारापर्यंत गेला. मी बाटलीवर वाकून उभी होते. पुन्हा पुन्हा श्वास ओढत होते. ते दोघं माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला बघवेना.

काहीच नव्हतं. पाण्याची बाटली असती तरी इतकंच आलं असतं.

आमच्या नाक-कान-घसावाल्यानं तपासलं. डोळे मिटायला लावले आणि छोट्या छोट्या कुप्या नाकाखाली धरल्या. कॉफी, साबण, लवंग, रॉकेल. एकही ओळखता आली नाही. पुदिना तेवढा ओळखला. तर म्हणाला, "तो वास नव्हे. पुदिन्याचा गारवा लागतो नाकाला, बर्फ लागावा तसा. नाक मेलं तरी तो लागतो." बघ म्हणजे. त्या दिवशी दारात मला पुदिना लागला, म्हणून मी समजले की नाक शाबूत आहे.

त्यानं विचारलं, "वास कधीपासून येत नाही?" मला सांगता येईना. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात एक ताप आला होता, तेव्हापासून असेल. मग विचारलं, "घरात कोण असतं?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग कळणार कसं," म्हणाला आणि लिहायला लागला.

घरी आले आणि सगळं एकेक आठवत बसले. दूध नासायचं, म्हणून भिंगरी ओतून द्यायची. टॉवेलांना कुबट वास यायचा. खिडक्या उगाच नाही उघडायची ती. आणि मी तिला कार्टी म्हणत होते. तिला वाटलं असेल, आत्या म्हातारी होत चाललीय, बोलून कशाला दुखवायचं. शेजारीणही तसंच समजून गेली. मी त्या गॅसमध्ये काडी ओढली असती तर हे पत्र लिहायला उरले नसते.

पण मला घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीनं. हेच औषध प्रमाणाबाहेर झालं तर पेशी वाचवत नाही, मारतं. आम्हीच प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर बघितलंय ते. तिच्या गुडघ्यात आधीच पुरेसं होतं, आणि मी वर दुसरी बाटली टोचायला निघाले होते. तुझ्या यंत्रावर विसंबून. तुझ्या पोरीनं तोंडावर हात ठेवला नसता तर तिचा गुडघा मीच जाळला असता, आणि वर आयुष्यभर समजत राहिले असते की मी तो वाचवला.

तेव्हा तुला पाणी टोचल्याचा राग आलाय तो सोड. पाणी नव्हतं. रागवायचंच असेल तर त्या बाटलीवर रागव, तो राग मी घेईन. भिंगरीला मी काल सगळं सांगितलं, बाटलीसकट. तिनं आपल्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "आत्या, तू टॉस जिंकलेली असताना परत नाणं उडवायला निघाली होतीस." आणि मग लहान मुलाला घेतात तसं तिनं मला जवळ घेतलं. तिला उडी मारायची परवानगी मिळालीय. पुढच्या महिन्यात सामना आहे. तू बघायला जा. ती सांगणार नाही, पण प्रत्येक सामन्याआधी दोनदा प्रेक्षकांकडे बघते.

आणि एक काम आहे. ते दुसरं कुणी करणार नाही, म्हणून तुला सांगते. सामन्याच्या दिवशी तीन मजले चढून माझ्याकडे ये. सगळ्या खोल्यांतून फिर. फ्रिज उघड, कपाट उघड, उशीला नाक लाव, माझ्या अंगाला वास येतो का तेही बघ. भिंगरी काही बोलत नाही, ती नुसती खिडक्या उघडते. शेजारीण मान हलवून निघून जाते. सगळे मला सांभाळून घेतात, आणि त्यात मला काहीच कळत नाही. मला तोंडावर सांगणारं माणूस हवंय. माझ्या दारात उभं राहून तोंडावर बोलायला तू कधी कचरला नाहीस.

ये, आणि माझ्या घराला कसला वास येतो ते मला सांग.

तुझी
नाकाडी